बेंदराच्या दिवसाची मोटार

आमच्या घरी एके काळी मोटार होती असं सांगितलं की नातवंडांचे डोळे मोठे होतात. मग हमखास विचारतात, "आजी, मग ती विकली कशाला?" मी काहीतरी ठोकून देते. पेट्रोल मिळत नव्हतं, रस्ते धड नव्हते, जुनी झाली होती. त्यातलं एकही खरं नाही. खरं बोलायची मला बंदी होती. बंदी घालणारा माणूस आता नाही आणि ज्याच्यासाठी घातली तोही नाही. ही गोष्ट माझ्याबरोबर सरणावर जावी अशी माझी इच्छा नाही, म्हणून लिहिते. लिहिताना राग येणार आहे. तो आला तर येऊ दे.

माझं माहेर सातारा शहरातलं. लहानपणी पोवई नाक्यावर मोटार दिसली की आम्ही पोरंटोरं धुरळ्यातून पळायचो. ती साहेबाची असायची, नाहीतर संस्थानिकांपैकी कुणाची, फार तर एखाद्या बड्या डॉक्टरची. आपल्या दारात मोटार असावी असं माझ्या वडिलांच्या मनात कधी आलंच नसेल. हत्ती आपल्या दारात असावा असं कुणाला वाटतं का? तसंच ते.

पण लढाईने सगळं उलटंपालटं केलं. आमच्या भागातली पोरं पलटणीत गेली आणि त्यातली कितीतरी मोटारींवर ड्रायव्हर झाली. माझे यजमानही त्यातलेच. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आताही घेणार नाही, नुसतं 'हे' म्हणेन. हे इटलीत डोंगरातून ट्रक चालवत होते. लढाई संपली, परत आले, तेव्हा आमचं लग्न झालं आणि मी कुंडलच्या अलीकडच्या एका गावात उसाच्या मळ्यात नांदायला गेले. संध्याकाळी पलटणीतून आलेली सगळी पोरं पारावर जमायची आणि विषय एकच, मोटार. "तिकडं गोरा शिपाई बी आमच्यासारखाच चिखलात लोळायचा की," हे सांगायचे, "पन घरी त्याची सवताची मोटार. साधा शेतकरी गडी. मग आमी काय घोडं मारलंय?" जमीन घ्यायची, घर बांधायचं, हे त्यांच्या बापांचं स्वप्न. ह्यांचं स्वप्न चार चाकांचं. एकजण तर म्हणायचा, मोटार आल्याबिगर लग्नच करणार न्हाई. त्याची आई माझ्याकडे येऊन रडून गेली होती.

माझे सासरे, मामंजी, त्या पाराजवळून जाताना मुद्दाम थांबायचे. "वैरण तरी काय खाती रं तुमची मोटार?"

एखादं पोरगं म्हणायचं, "चालवली तर खाती आबा. उभी असली तर उपाशी, तक्रार न्हाई."

"तक्रार करत न्हाई त्ये जनावरच न्हवं," मामंजी म्हणायचे आणि धोतराचा सोगा सावरत पुढे जायचे. पोरं हसायची. मामंजीही हसत असत, पण पाठ फिरवल्यावर.

त्यांचा जीव दोन ठिकाणी गुंतलेला होता. एक त्यांची खिलारी बैलांची जोडी आणि दुसरी त्यांची मुलगी, माझी नणंद. वन्सं पाळण्यात असतानाच सासूबाई गेल्या. मामंजींनी दुसरं लग्न केलं नाही. मुलीची वेणी घालायलाही ते स्वतः शिकले. गावात लोक चेष्टा करत, बैलाच्या वेसणीला गाठ मारतो तशी वेणी घालतोय म्हणत. वन्सं हे मला स्वतः सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. माझ्याहून लहान होत्या, पण लग्न माझ्या आधी झालेलं. सासर तासगावकडचं, बरं होतं.

मग एक दिवस ह्यांनी पलटणीतली शिल्लक मोडली आणि सांगलीच्या एका वकिलाची जुनी मोटार घरी आणली. काळी, कापडी टपाची, आणि समोरच्या काचेपुढेच पेट्रोल घालायचं झाकण. गावाने नारळ फोडला. मामंजी मात्र गोठ्यातून बाहेर आले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मी मेल्यावर बी मला तिच्यात घालू नगा." मला वाईट वाटलं. मी त्या मोटारीत आदल्याच दिवशी मळ्यापर्यंत जाऊन आले होते आणि मला ती भयंकर आवडली होती, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मामंजींचं मन वळवलं ते वन्संनी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून हे त्यांना आणायला मोटार घेऊन गेले. दिवस भरत आलेली पोर बैलगाडीत हादरत येण्याऐवजी मोटारीतून हसत उतरली. पदर सावरत म्हणाली, "आबा, पोटातलं पानी सुदिक हाललं न्हाई." मामंजी तिच्याकडे बघत राहिले, मग मोटारीकडे. हे लगेच म्हणाले, "बेंदूर झाला की हिला मिरजंला नेऊन ठेवतो. तिथं दवाखान्यात बाळंतपन करू. सुईनीच्या हातात द्यायची न्हाई."

त्या दिवसापासून मामंजी मोटारीच्या मागे लागले. हे बोनेट उघडून बसले की शेजारी उकिडवे बसायचे. पाणी कुठं घालतोस? तेल कशाला लागतं? कोरडं पडलं तर काय होतं? हे सांगायचे, "तेल न्हाई मिळालं तर मशीन जळंल आबा. तेलावरच तिचा जीव." मामंजी मान डोलवायचे. पाऊस आला तर बैलाची जुनी झूल नेऊन मोटारीवर टाकायचे. मला ते बघून इतकं बरं वाटायचं! घरात बापलेकांत जी अढी होती ती गेली होती, आणि त्याचं श्रेय वन्संच्या पोटातल्या पोराला होतं.

मग बेंदूर आला. आमच्याकडे बेंदूर म्हणजे बैलाचा दिवस. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. त्याला धुवायचं, शिंगं हिंगुळाने रंगवायची, गोंडे बांधायचे, पुरणपोळी चारायची. आणि सकाळी, माणसाने तोंडात पाणी घ्यायच्या आधी, घरच्या कर्त्याने बैलाला स्वतःच्या हाताने करडईचं तेल, अंडी आणि हळद फेटून पाजायची. बांबूचं नळकांडं बैलाच्या जिभेमागे घालून ओतायचं. वर्षभर राबलेल्या जनावराच्या अंगात ताकद यावी म्हणून. हे काम मामंजी दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

त्या वर्षी मामंजींनी जाहीर केलं, "आज मोटारीला बी सुट्टी. ती बी घरचंच जनावर." बैलांबरोबर मोटार धुतली गेली. तिच्या चाकांवरच्या पत्र्यांना हिंगूळ लागला, दिव्यांना गोंडे बांधले. मी पायरीवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. हे हसून हसून दमले. वन्सं ओसरीवर बसून ओरडल्या, "दादा, मिरवनुकीत आता हिला बी पळव!" मला ती सकाळ आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मी ती लवकर पुसून टाकते.

दुपारी जेवणं व्हायच्या आधीच वन्संना कळा सुरू झाल्या. दिवस अजून होते, पण पोटाला ते कोण सांगणार? सुईण आली, हात लावला आणि तिचं तोंड उतरलं. बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई. मिरजंला न्या, आत्ताच्या आत्ता." मिरजेकडची रेल्वे सकाळीच गेली होती, दुसरी संध्याकाळी. कुणाला काळजी वाटली नाही. दारात मोटार होती.

ह्यांनी हँडल मारलं. मोटार लगेच चालू झाली. वन्संचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. आणि मामंजी, ज्यांनी मेल्यावरही बसणार नाही म्हटलं होतं, ते स्वतःहून पुढे येऊन बसले. लाकडासारखे ताठ, दोन्ही हातांनी दार धरून. वेस ओलांडली, ओढ्याचा उतार उतरलो, चढाला लागलो, आणि मोटारीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

हे खाली उतरले. हँडल मारलं, काही नाही. बोनेट उघडलं. मशीनपाशी पेट्रोल गाळून येणारी एक लहान काचेची वाटी असते, ती त्यांनी फिरवून काढली आणि तळहातावर उलटी केली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. तळहातावर पिवळा, चिकट लगदा पडला. हळदीचा पिवळा. त्यात अंड्याच्या तारा होत्या.

मी स्वयंपाकघरात वावरणारी बाई. ते काय आहे हे मला सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात मामंजी खाली उतरले. मोटारीच्या रंगवलेल्या पत्र्यावर हात आपटून रडक्या आवाजात म्हणाले, "अगं, आज बैलाच्या आदी तुला पाजलं म्या! अंडी, त्याल, हळद, समदं! काय कमी केलं हुतं तुला? आणि आजच फिरलीस?"

ह्यांनी बापाकडे बघितलं. मग मूठ मिटली, हात पाठीमागे नेऊन विजारीला पुसला आणि म्हणाले, "जुनी हाय आबा. वकिलानं रद्दी माल माझ्या गळ्यात बांधला. मी फसलो."

मामंजींनी एक शिवी घातली. मुलाला की मोटारीला, कळलं नाही. आणि ते धोतर खोचून गावाकडे पळत सुटले. त्या वयाचा माणूस तसा पळताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. इकडे हे नळी काढून तोंडाने फुंकत होते. पेट्रोल ओठांवर, हनुवटीवर. एकदा मशीन लागलं, मोटार दोन हात पुढे गेली आणि पुन्हा गुदमरली. टाकीच्या तळाशी तो लगदा बसला होता, तो पुन्हा पुन्हा येत होता. वन्सं विचारत होत्या, "दादा, व्हतंय का?" हे म्हणत होते, "व्हतंय, व्हतंय."

मामंजी बैलगाडी घेऊन आले. बेंदराच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने जू ठेवलं होतं. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात फुलं, पाठीवर झुली तशाच. गाडीत वाकळा टाकल्या, आम्ही वन्संना उचलून ठेवलं. मामंजींनी आयुष्यात ज्या जोडीला कधी फटका मारला नव्हता तिला ते चाबकाने मारत सुटले. बैल नाकपुड्या फुगवून पळत होते, गोंडे रस्त्यावर गळून पडत होते. प्रत्येक खड्ड्याला वन्संच्या तोंडातून जो आवाज यायचा तो मी इथे लिहिणार नाही.

वाटेत मधेच त्या शांत झाल्या. मला वाटलं, कळ थांबली. डोळे उघडून म्हणाल्या, "आबा, बैलास्नी मारू नगा. आज त्यांचा सन हाय." मामंजींनी चाबूक खाली ठेवला. येरळा नदीचं पात्र दिसायच्या आधीच वन्सं गेल्या. पोर पोटातच. मिरज अजून कुठच्या कुठे होती.

गाडी तिथेच वळवली. बैल चालत घरी आले.

सुतक फिटेपर्यंत मी गप्प राहिले. मग एका दुपारी मळ्यात ह्यांना गाठलं. म्हटलं, "आबांना सांगा. तुमचा दोष नाही हे सांगा. सगळं गाव तुम्हाला नावं ठेवतंय." मामंजी पारावर बसून जो भेटेल त्याला सांगत होते, माझ्या पोरानं हौसंपायी माझी पोरगी मारली. तोंडावर सांगत होते, हे समोर असताना सांगत होते. ह्यांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि मला म्हणाले, "पोरगी गेली. आता बाप बी घालवू? त्येनं सवताच्या हातानं पाजलंय गं. लाडानं पाजलंय. कळलं तर इहिरीत उडी टाकंल." आणि माझा हात धरून शपथ घातली. मी घेतली. पण मला पटली नव्हती, आजही पटत नाही. एका माणसाचं पाप दुसऱ्याने आयुष्यभर का वाहायचं? पाप तरी कसं म्हणू? ते तर प्रेमच होतं. इथे येऊन माझी मती गुंग होते.

मोटार गोठ्याशेजारी उभी होती. मामंजी आठवड्याच्या बाजाराला गेलेले असताना ह्यांनी टाकी खोलून धुतली, नळ्या साफ केल्या आणि बरणीत ठेवलेलं थोडं पेट्रोल घालून हँडल मारलं. मोटार पहिल्या फटक्यात चालू झाली. किती गोड चालत होती! ह्यांनी घाईने ती बंद केली, जसं काही चोरी करताना कुणी पाहिलं. कारण ती धडधाकट निघाली असती तर मामंजींनी विचारलं असतं, मग त्या दिवशी काय झालं हुतं? म्हणून ती मेलेलीच राहायला हवी होती.

आणि म्हणून ती धडधाकट मोटार दोराने बांधून सांगलीला ओढत न्यावी लागली, भंगारवाल्याकडे. ओढायला मामंजींचीच बैलजोडी. मामंजी कासरा धरून पुढे, हे मोटारीत बसून नुसतं चाक धरलेले. सगळं गाव बघायला उभं. पारावरची पोरंही होती, ती ह्यांच्याबरोबर मोटारीची स्वप्नं बघणारी. एकजण हसला, बाकीचे मान खाली घालून उभे राहिले. ह्यांची नजर सरळ समोर, बापाच्या पाठीवर. मी दाराच्या आडून पाहिलं आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

त्यानंतर पारावर मोटारीचं नाव निघेनासं झालं. मोटारीशिवाय लग्न करणार नाही म्हणणाऱ्याने त्याच वर्षी लग्न केलं आणि गुऱ्हाळासाठी इंजिन घेतलं. "दारात मोटार म्हंजी दारात यम," असं मामंजी सांगत आणि तरणी पोरं ऐकून घेत. भाड्याच्या मोटारीत बसू, तिकीट काढू, बिघडली तर मालकाचं मालक बघंल, असं म्हणू लागली. ज्या पोरांनी सगळी लढाई मोटारीवर काढली त्यांना आता ती दारात नको होती. त्यांना कुणी खरं सांगितलं नाही. खरं सांगणारी मी एकटी होते आणि माझं तोंड शपथेने शिवलं होतं.

आम्ही साताऱ्याला आलो. हे एका मालकाच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर लागले, सातारा ते वडूज. दुसऱ्याची मोटार चालवत असत, जिवापाड सांभाळत असत. स्वतःची पुन्हा घ्यावी असं मी एकदाच सुचवलं. ऐकू आलं नाही असं दाखवून ते अंघोळीला गेले.

काही वर्षांनी मामंजी खंगले आणि ह्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. ते आले, पण मुलाशी बोलत नसत. पाणी हवं असलं तर मला सांगत. हे रोज त्यांचे पाय चेपत, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी भाकरी थापता थापता ते बघायचे आणि शपथेला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

एका दुपारी, हे वडूजच्या फेरीला निघायच्या आधी, मामंजींनी त्यांना हाक मारली. कित्येक वर्षांत पहिली हाक. मी दारात जाऊन उभी राहिले. मामंजी उशीवर सरकून बसले आणि म्हणाले, "हिकडं ये रं. तुला लय बोललो मी. चारचौघांत बोललो. पोरगी माझी लाडकी हुती, त्यात भान न्हाई ऱ्हायलं." मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बी काय मुद्दाम केलं न्हाईस. तुझ्या मोटारीनं माझी पोरगी खाल्ली, पन मी तुला माफ केलं बघ. आता मनात ठिवू नगंस."

मला वाटलं, ओरडावं, त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं, सांगावं, माफी तुम्ही मागायला हवी! पण ह्यांनी बापाच्या पावलांवर कपाळ टेकलं आणि म्हणाले, "लय उपकार झालं आबा."

पुढे थोड्याच दिवसांत मामंजी गेले. शेवटचे ते दिवस मुलाच्या हाताने जेवले, त्याच्याशी बैलांबद्दल बोलले, हसलेसुद्धा. हलके होऊन गेले.

दिवसकार्य झाल्यावर हे माजघरात भिंतीला टेकून रडत बसले होते. मी जवळ गेले आणि म्हटलं, आता तरी सुटलात, आता तरी मला लोकांना सांगू द्या. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आबांनी माफ केलं तवा लय बरं वाटलं मला. छातीवरचा धोंडा उतरला बघ."

मी चिडले. "कसली माफी? तुम्ही काय केलं होतं? सांगा की, काय केलं होतं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी समजत होते की हे बापासाठी खोटं वागताहेत. त्या नजरेत खोटं काही नव्हतं.

"मोटार माझी हुती न्हवं," हे म्हणाले.